डेटा लेक आधी की मेंबर मास्टर आधी? दोन राज्यांत शाखा असलेल्या सोसायटीसाठी माझं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हाला कळेल. तुमची मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी, हेड ऑफिस बेळगावात, ३८ शाखा, त्यातल्या बऱ्याच निपाणी, चिकोडी, खानापूरकडं आणि काही पलीकडं महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लजला. ठेवीचं सॉफ्टवेअर एक, कर्जाचं दुसरं, पिग्मीचं ॲप तिसरं, सगळं मिळून १,२०,००० च्या आसपास खाती. चेअरमन साहेबांना सगळ्या शाखांचा एकत्र डॅशबोर्ड पाहिजे. एक कंपनी म्हणते डेटा लेक करा, म्हणजे सगळा कच्चा डेटा एका जागी ओता, दुसरी म्हणते मास्टर डेटा मॅनेजमेंट म्हणजे एमडीएम घ्या, म्हणजे कोण कोण आहे त्याची एकच पक्की यादी करा, पैसे एकाचेच आहेत, आयटी बघणारे तुम्ही एकटे. तर कुठलं घ्यायचं?

मी १८ वर्षं हेच काम करतोय, आधी पुण्यात, मग बेंगळुरूत, आणि आता बेळगावच्या टिळकवाडीतूनच इथल्या फाउंड्र्या, दूध संस्था आणि सोसायट्यांचं बघतो. तुमच्या जागी मी असतो तर मेंबर मास्टर, म्हणजे सभासदांपुरतं एमडीएम, आधी केला असता, लेक आत्ता घेतलाच नसता, खरं मास्टरबरोबर एक स्वस्तातलं काम आजच सुरू केलं असतं, ते पुढं सांगतो. हे उत्तर सगळ्यांना लागू नाही, कुणाला उलटं सांगेन तेही सांगतो.

आधी एक करून बघा. उद्या तिन्ही सॉफ्टवेअरमधून काढा की आपल्या सोसायटीत माणसं किती. खाती नव्हे, माणसं. तीन आकडे येतील, आणि त्यांची बेरीज करूनही खरा आकडा मिळणार नाही कारण तोच माणूस तिन्हीकडं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावानं आहे. तुमचा खरा प्रश्न हा आहे. डेटा तीन ठिकाणी विखुरलाय हा त्रास आहेच, खरं एकाच माणसाला आपण एकच माणूस म्हणून ओळखत नाही हा मोठा त्रास आहे आणि तो डेटा एका जागी आणून टाकल्यानं सुटत नाही.

डोळ्यासमोर यावं म्हणून एक उदाहरण देतो, नाव बदललंय, बाकी जसंच्या तसं. ठेवीच्या सॉफ्टवेअरमधे 'पाटील मारुती यल्लाप्पा, मु. पो. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव'. कर्जाच्या सॉफ्टवेअरमधे इंग्रजी अक्षरात 'मारुती वाय पाटील', जिल्हा बेळगावी, कारण तो फॉर्म नोव्हेंबर २०१४ च्या नावबदलानंतरचा. कर्जाला जोडलेला उतारा कन्नडमधे, तिथं 'मारुति यल्लप्प पाटील'. आणि पिग्मीच्या ॲपमधे नुसतं 'मारुतीमामा किराणा', कारण एजंट त्याला तसंच हाक मारतो. चारही नावं एकाच माणसाची. आता ह्या तिन्ही सिस्टिमचा डेटा लेकमधे ओतला तर तिथंही मारुती तीनच राहणार, आणि डॅशबोर्डवर तीन सभासद दिसणार.

डॅशबोर्डवर चेअरमन साहेब काय बघणार तेही धरा. शाखेवार ठेवी, शाखेवार थकबाकी, ह्या महिन्यात मुदत संपणाऱ्या ठेवी, हे सगळं आहे त्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमधे काढून पण होतंय, त्याला ना लेक लागतो ना एमडीएम. पण पहिल्या सहा महिन्यांत संचालक मंडळात कुणीतरी विचारणारच की ह्या एका माणसाकडं, ह्या एका घराकडं सगळ्या शाखा मिळून आपलं कर्ज किती, आणि हा माणूस किती जणांना जामीन आहे. जामीनदाराचं तर फारच वाईट असतंय. मी बघितलेल्या बहुतेक सोसायट्यांत कर्जाच्या स्क्रीनवर जामीनदाराचं नाव नुसतं टाइप केलेलं असतं, सभासद नंबराला जोडलेलंच नसतं. म्हणजे एकच माणूस निपाणीत, चिकोडीत आणि गडहिंग्लजला मिळून नऊ कर्जांना जामीन असला तरी कुणाला दिसत नाही, आणि कर्ज थकल्यावर वसुलीवाला त्याच्या दारात जातो तेव्हा कळतं की त्याच्याकडं अजून दोघं येऊन गेलेत. म्हणून मी म्हणतो मास्टर आधी.

आता हे दोन्ही शब्द नेमके काय ते सांगतो, कारण विकणारे लोक दोन्ही एकमेकांत कालवून सांगतात. 'डेटा लेक' हे नाव २०१० मधे पेन्टाहो कंपनीच्या जेम्स डिक्सन यांनी वापरात आणलं. त्यांची कल्पना अशी की आधी गाळून, बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्याऐवजी पाणी तळ्यात जसं येतं तसं राहू द्या आणि ज्याला जसं पाहिजे त्यानं तसं घ्यावं. म्हणजे डेटा कच्चाच ठेवायचा, त्याचा आकार वाचताना ठरवायचा. कल्पना चांगली आहे, ज्यांना पुढं काय प्रश्न विचारायचेत हेच माहीत नाही त्यांना फार उपयोगी. पण आपल्या राकसकोप तलावाचं पाणी कितीही भरलेलं असलं तरी तसंच्या तसं कुणी पीत नाही, मधे शुद्धीकरण लागतंच, आणि लेक विकत घेतला म्हणून ते शुद्धीकरण सोबत मिळत नाही, ते काम तुम्हालाच करावं लागतं. एमडीएम म्हणजे ते काम, आणि तेही फक्त थोड्या गोष्टींसाठी: सभासद कोण, शाखा कुठल्या, ठेव आणि कर्जाचे प्रकार कुठले, एजंट कोण. व्यवहार त्यात येत नाहीत. ज्यांच्याबद्दल व्यवहार होतात ती नावं येतात. म्हणून हे दोन्ही एकमेकांच्या बदली घ्यायच्या वस्तूच नाहीत, कुठलं आधी एवढाच प्रश्न राहतो.

मेंबर मास्टर करायचा म्हणजे मोठं लायसन्स घ्यायची गरज नाही. तुमच्या आकाराला मी रजिस्ट्री पद्धत सांगेन. तिन्ही सॉफ्टवेअरला हातही लावायचा नाही, बाहेर साध्या पोस्टग्रेस डेटाबेसमधे एक टेबल करायचं, त्यात प्रत्येक माणसाला एक नवीन नंबर आणि त्या नंबरासमोर ठेवीतला त्याचा नंबर, कर्जातला नंबर, पिग्मीतला नंबर. एवढंच. पुढं जमलं तर ह्या टेबलातून सॉफ्टवेअरमधे दुरुस्त्या परत पाठवायच्या, पण ते दुसऱ्या वर्षी.

खरं काम आहे ते जुळवणीचं. १,२०,००० ओळी एकमेकींशी ताडून बघायच्या म्हटलं तर ७२० कोटी जोड्या होतात, म्हणून आधी गट पाडायचे, एकदा मोबाइल नंबरावर, एकदा गावावर, एकदा वडिलांच्या नावावर, आणि फक्त गटातल्या गटात ताडायचं. पॅन जुळला आणि नावही जवळपास जुळलं तर जोडून टाका. पॅन नसलेलेच जास्त असणार, तिथं एकेका गोष्टीला वजन द्यावं लागतं. ह्याचं गणित फेलेगी आणि सन्टर ह्या दोघांनी १९६९ मधेच मांडून ठेवलंय आणि आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ते असं: 'पाटील' जुळणं म्हणजे जवळजवळ काहीच नाही, खानापूर तालुक्यात एक दगड मारला तर पाटलाच्या अंगणात पडतो, खरं एखादं विरळ आडनाव जुळलं तर त्याला फार किंमत. तसंच जन्मतारखेचं. १ जून ही तारीख जुळली तर दुर्लक्ष करा, शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाची तीच लिहिलेली असते, पण १७ ऑक्टोबर जुळली तर तो पुरावा. हे गणित करणारं स्प्लिंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ब्रिटनच्या न्याय मंत्रालयानं बनवलेलं, तुमच्याएवढा डेटा साध्या लॅपटॉपवर चालतो.

पण कुठलंही बाहेरचं टूल आपल्या नावांवर तसंच्या तसं चालवू नका. साउंडेक्सचंच बघा, उच्चारावरून नावाला कोड देणारी ही पद्धत, बऱ्याच सॉफ्टवेअरमधे तयार मिळतं म्हणून लोक वापरतात. त्याचं पेटंट १९१८ चं, अमेरिकेतल्या नावांसाठी केलेलं, आणि ते पहिलं अक्षर तसंच ठेवतं. म्हणजे वामन एकानं व्ही घालून लिहिला आणि दुसऱ्यानं डब्ल्यू घालून, तर दोन वेगळे कोड पडतात. आपल्याकडं तीन लिप्या आहेत. मी काय करतो, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीतलं नाव एका सांगाड्यावर आणतो: ऱ्हस्व-दीर्घ काढून टाकायचं, ळ आणि ल एक, ण आणि न एक, ट-त एक, ड-द एक, श-ष-स एक, कारण इंग्रजीत आल्यावर हे फरक तसेही पुसले गेलेले असतात. मग यल्लाप्पा, यल्लप्पा, यल्लप्प तिन्ही एकच दिसतात. नावाचा क्रमही सोडून द्यायचा, आपल्या जुन्या कागदांवर आडनाव आधी आणि नव्या कागदांवर शेवटी. बायकांच्या बाबतीत नावावर भरवसा ठेवूच नका, माहेरच्या नावानं ठेव आणि सासरच्या नावानं बचत गटाचं कर्ज हे सर्रास असतं, तिथं मोबाइल, जन्मतारीख आणि कागदपत्रंच बघायची.

आधार नंबराबद्दल सांगायलाच पाहिजे. तो ओळखीची चावी म्हणून टेबलात वापरू नका, आणि आधारच्या झेरॉक्सांचे स्कॅन तर कुठल्याही एकत्र साठ्यात टाकू नका. आधीपासून नंबर टाइप केलेले असतील तर एवढं करा की १२ वा आकडा हा तपासणीचा आकडा असतो, व्हरहॉफ नावाच्या पद्धतीचा, एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर तो पकडला जातो. एका संध्याकाळी सगळ्या नोंदी तपासून होतात आणि कुठल्या शाखेत टायपिंग किती बिघडलंय ते कळतं. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानं माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क दिलाय, म्हणजे उद्या सभासद म्हणाला माझा नंबर बदला तर तो कुठंकुठं आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि ते सांगणारं टेबल म्हणजे हाच मास्टर.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडं होऊ नये असं मनापासून वाटतं. एका सोसायटीत मी नाव, वडिलांचं नाव, गाव आणि मोबाइल ह्या चारही गोष्टी जुळल्या की आपोआप जोडा असा नियम ठेवला होता. चार गोष्टी जुळल्या म्हणजे झालंच की, असं वाटलं. गावात एकाच नावाचे दोन भाऊबंद होते, दोघांच्या वडिलांची नावंही एकच ठेवलेली, आणि दोघांनीही मोबाइल एकाच पुतण्याचा दिला होता कारण मेसेज वाचणारा तोच. सिस्टिमनं दोघांचा एक माणूस केला. एकाचं कर्ज थकलेलं होतं, ते दुसऱ्याच्या ठेवीवर दिसायला लागलं, आणि तो बिचारा मुदत संपलेली ठेव काढायला आला तर शाखेनं दिली नाही. शेतात बोअरची गाडी येऊन उभी होती आणि हा दोन दिवस काउंटरवर. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून माझा नियम असा, की जोडायचं राहून गेलं तर चालेल, चुकीचं जोडलेलं चालणार नाही. पॅनशिवाय आपोआप काही जोडायचं नाही, माणसानं बघायचं. आणि जोडताना जुनी नोंद कधीच पुसायची नाही, कोणी, कधी, कशावरून जोडलं ते लिहायचं, म्हणजे पाच मिनिटांत परत सुटं करता येतं. कुठल्याही कंपनीचं एमडीएम बघताना जोडून दाखवा म्हणू नका, ते सगळेच दाखवतात, जोडलेलं सोडवून दाखवा म्हणा.

मग ते 'माणसानं बघायचं' म्हणजे कुणी? इथंच बहुतेक ठिकाणी काम बसतं. आयटीवाल्यानं हे ठरवायचं नसतं, तुम्हाला नंदगडचे दोन मारुती माहीत नाहीत. हेड ऑफिसमधले दोन जुने क्लार्क ह्या कामाला रोज दोन तास मोकळे करून मागा, आणि चंदगडकडच्या नावांसाठी तिकडचाच एक. आणि पिग्मी एजंटना विसरू नका. पिग्मी ही योजना १९२८ मधे उडुपीकडं सिंडिकेट बँकेनं सुरू केली ती रोज दारात जाऊन थोडे थोडे पैसे गोळा करायला, आणि आजही सगळ्या सोसायटीत रोज सभासदाचं तोंड बघणारा माणूस एजंटच आहे. शंकेच्या नावांची यादी त्याला द्या, 'हा आणि हा एकच का' एवढंच विचारा, आठवड्यात उत्तरं येतात, कुठलंही सॉफ्टवेअर एवढं बरोबर सांगत नाही.

साफसफाई सुरू करायच्या आधी नळ बंद करा. नवीन खातं उघडताना आधी शोधायचं, सापडला नाही तरच नवीन नंबर द्यायचा, हा नियम सगळ्या शाखांत लागू झाला पाहिजे. नाहीतर वर्षभर साफ केलेलं पुढच्या वर्षी परत तिथंच येतं.

आता उलटं कधी सांगेन. उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत मी स्वतःच लेक करा म्हणून सांगितलं. भट्टीचं तापमान, वाळूचा ओलावा, प्रेशर, असे ४० सेन्सर, प्रत्येकाचं सेकंदाला एक रीडिंग, म्हणजे दिवसाला ३४,५६,००० रीडिंगं. त्यात स्पेक्ट्रोचे, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या मशीनचे, रिपोर्ट वेगळे, तपासणीचे फोटो वेगळे. कास्टिंग रिजेक्ट का होतंय हे शोधायचं होतं आणि कुठलं रीडिंग कामाला येणार हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा ठिकाणी कच्चं सगळं ठेवणंच बरोबर. तरी तिथंही पहिले तीन महिने काही जुळेना, कारण भट्टीवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा नंबर, तारखेसकट लिहायचे आणि तपासणीत नुसता शेवटचा आकडा लिहायचे, रोज परत एकपासून सुरू होणारा. हीट नंबर एकसारखा केला आणि मग रिजेक्शन कुठल्या हीटचं ते दिसायला लागलं. म्हणजे लेकमधेही शेवटी ओळखीचाच प्रश्न आडवा आला, फक्त माणसाच्या जागी हीट होती. त्याच फाउंड्रीत खरेदीकडं एका स्क्रॅपवाल्याचे तीन कोड होते, महाराष्ट्रातल्या शिनोळीचा माल २७ नं सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरावर आणि इथला २९ वर. जीएसटी नंबरातले राज्याचे पहिले दोन आकडे सोडले की पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन, तो दोन्हीकडं एकच निघाला. पॅनवर पार्टी एक केली आणि तिच्याखाली दोन्ही जीएसटी नंबर वेगळे ठेवले, कारण कर कुठला लागणार ते त्यावरच ठरतं, आणि मग एकूण माल किती घेतोय ते दाखवून भाव करता आला.

आता ते स्वस्तातलं काम. तिन्ही सॉफ्टवेअरची महिनाअखेरची पूर्ण प्रत आजपासून तारीख घालून क्लाउडवरच्या साध्या स्टोरेजमधे कुलपात ठेवा, एन्क्रिप्ट करून, दोघांनाच पासवर्ड, त्यावर कुठलाही प्रोसेस नको. जीबीमागे महिन्याला दोन-अडीच रुपयांच्या आसपास जातात, तुमच्या डेटाला बोर्डाची मंजुरी लागावी एवढा खर्च नाही. कारण सांगतो, तुमच्या सॉफ्टवेअरमधे पत्ता बदलला की जुना पुसला जातो, हप्ता बदलला की जुना पुसला जातो, आणि दोन वर्षांनी लेक घेतलात तरी पुसलेला इतिहास परत येत नाही. प्रत ठेवताना एक गोष्ट लिहून ठेवा, कुठल्या शाखेचं जुनं काम कुठल्या फॉन्टमधे आहे. युनिकोड यायच्या आधीची मराठी नावं श्रीलिपीत आणि कन्नड नावं नुडीत किंवा बरहात टाइप केलेली असतील तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. फॉन्ट माहीत असला तर कन्व्हर्टरनं सरळ होतात, आणि ते माहीत असणारा क्लार्क रिटायर व्हायच्या आत विचारून घ्या.

मास्टर उभा राहिला की डॅशबोर्ड त्याच पोस्टग्रेसवर होतो. दहा वर्षांचे व्यवहार धरले तरी काही कोटी ओळी, तेवढं तो सहज पेलतो.

दोन्ही कंपन्यांना एकदम नाही म्हणू नका. खानापूर शाखेतल्या ३०० आणि चंदगड शाखेतल्या २०० ओळी घ्या, नंबर झाकून, आडनाव मुद्दाम पाटीलच निवडा, तिन्ही सॉफ्टवेअरमधल्या. ह्यातली माणसं किती ते आधी एजंट आणि क्लार्ककडून बसवून घ्या आणि उत्तर कागदावर लिहून ड्रॉवरमधे ठेवा. मग त्या ओळी दोघांनाही द्या आणि विचारा, ह्यात माणसं किती.